श्रमाची गतिशीलता आणि गिरणीतला विणकर

आपल्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'श्रमाची गतिशीलता' हे एक प्रकरण आहे. एका व्यवसायात मागणी घटली की श्रमिक दुसऱ्या व्यवसायाकडे वळतो, असे त्यात म्हटले आहे. हा 'वळतो' शब्द मला खटकतो. माझे आजोबा मुंबईच्या एका कापडगिरणीत विणकर होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांना असे वळावे लागले. त्यांच्याशी बोलून व थोडेफार वाचून जे समजले, ते विद्यार्थीमित्रांपुढे मांडीत आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो हळूहळू विरत गेला. गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले तेव्हा हजारो जुन्या कामगारांना आत जागा उरली नव्हती.

या माणसांजवळ कसब नव्हते काय? होते. ताण्याचा तुटलेला धागा क्षणात सांधणे, धोट्यातील कांडी संपत आली हे ओळखणे, एकाच वेळी अनेक माग सांभाळणे, हे वर्षांच्या सरावाने येते. परंतु गिरणीत कामाची विभागणी इतकी बारीक की कार्डिंगवाल्याला विणता येत नाही आणि विणकराला साचा चालविता येत नाही. यंत्र मालकाचे, ते सुटले की कसबही पांगळे होते. फिटर, वायरमन यांचे तसे नव्हते. मोटार कुठेही मोटारच, म्हणून त्यांना इतरत्र लवकर कामे मिळाली, असे आजोबा सांगतात.

विणकराला भिवंडीच्या यंत्रमागांचे दार तेवढे उघडे होते. तिथे आठ तासांऐवजी बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, आणि प्रॉव्हिडंट फंडाचे नाव नाही. काम तेच, नोकरी मात्र निराळी! आजोबांनी ते चार महिने केले.

माझ्या मते खरी अडचण याहून वेगळी होती. नोकरी शोधायची कशी, हेच त्यांना माहीत नव्हते. गिरणीत शिरताना त्यांनी अर्ज केला नव्हता. गावच्या एका जॉबरने शब्द टाकला, काही वर्षे बदली म्हणून रोज गेटवर उभे राहिले, मग कायम झाले. गावकी-भावकी हेच त्यांचे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. संपानंतर ओळखीचे सगळेच बेकार. कोणी कोणासाठी शब्द टाकावा? आयुष्यातला पहिला अर्ज त्यांना चाळीतल्या एका शाळकरी मुलाने लिहून दिला. 'अनुभव' या शब्दापुढे त्याने 'सोळा वर्षे, माग खाते' असे लिहिले. औषधांच्या कारखान्यातील बाबूने ते वाचून विचारले, "इथे माग कुठे आहेत?" पुढे एका गोदामावर रात्रपाळीच्या वॉचमनची जागा मिळाली, निम्म्या पगारावर. घर आजीच्या खानावळीवर चालले. पाठ्यपुस्तकात तिच्या श्रमाचा उल्लेख मला कुठे सापडला नाही.

१९८६ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत. पण ती कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगारांसाठी. गिरणी चालू राहिली आणि जागा गेली, असे आजोबांसारखे लोक तिच्याबाहेर राहिले. शिवाय तीन वर्षांत नवे काम सापडेल हा हिशेब कशाच्या आधारे केला असावा, हे आमच्या सरांना विचारायचे आहे.