दुसरं गिऱ्हाईक आहे का?

प्रश्न : मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर बंगळुरूत जयनगरला आले ती इथलीच झाले. परवा माळ्यावरून ट्रंक काढली तर त्यात धाकट्या भावाची क्रिकेटची कार्डं निघाली. बिग फन बबल गमबरोबर मिळायची ती शेदीडशे, आणि राहुल द्रविडची सही असलेलं एक. त्यात माझ्या मुलाची ‘क्रिकेट अटॅक्स’ची गड्डीही आहे. भाऊ म्हणतो, “ताई, विकून टाक.” मुलगा म्हणतो, ऑनलाइन लिलावाला लाव, अमेरिकेत एका कार्डाला शंभर कोटी आले. हे म्हणतात, किंमत लिहून टाक आणि मोकळी हो. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, जयनगर, बंगळुरू

उत्तर : तुमच्या चिरंजिवांची बातमी खरी आहे. मिकी मँटल या बेसबॉलपटूचं टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. तेव्हाच्या दराने हे शंभर कोटी रुपये होतात. विकणाऱ्याने ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरना घेतलं होतं. पण म्हणून लिलाव केला की पैसे जास्त येतात, असा अर्थ काढू नका. त्या कार्डासाठी जीव टाकणारे धनाढ्य हौशी आधीपासून होते, लिलाववाल्यांनी त्यांना एका वेळी एकमेकांसमोर उभं केलं. तुमच्या ट्रंकेतल्या कार्डांसाठी असे किती जण आहेत, एवढंच बघायचं.

आकडे घालून बघू. समजा, द्रविडच्या कार्डात देशभरात तिघांना रस आहे. पहिला ५,००० रुपयांपर्यंत जाईल, दुसरा ३,२०० पर्यंत आणि तिसरा १,५०० पर्यंत. लिलाव लावलात तर १,५०० नंतर तिसरा गळेल, ३,२०० नंतर दुसरा, आणि पहिल्याला कार्ड ३,३०० ला मिळेल. त्याची आणखी १,७०० मोजायची तयारी होती हे तुम्हाला कधी कळणारही नाही. उलट ४,५०० किंमत लावून स्वस्थ बसलात आणि पहिल्याच्या नजरेस पडलं, तर ४,५०० हातात येतील. मात्र तो त्या महिन्यात मुलीच्या लग्नाच्या धावपळीत असेल तर काहीच येणार नाही. आणि लिलावाच्या रात्री तो एकटाच उगवला तर? पहिली बोली ५०० ची ठेवली असेल तर ५०० लाच घेऊन जाईल.

थोडक्यात, लिलावात तुमचा भाव सर्वांत हौशी गिऱ्हाइकाच्या हातात नसतो. तो त्याच्या खालोखालच्या माणसाच्या हातात असतो. आयपीएलचे लिलाव बघणाऱ्याला हे पटायला वेळ लागू नये. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत वेगवान गोलंदाज मिचेल स्टार्क २४ कोटी ७५ लाखांना कोलकात्याकडे गेला, त्याची मूळ किंमत २ कोटी होती. कोलकात्याने वेड्यासारखे पैसे ओतले असं सगळे म्हणाले. पण त्यांना तिथवर ओढत नेलं ते गुजरातने, साडेचोवीस कोटींपर्यंत हात वर ठेवून. गुजरातला स्टार्क नको असता तर आकडा पुष्कळ खाली थांबला असता, आणि स्टार्क तेवढाच वेगवान राहिला असता.

तुमच्या कार्डावर ज्याची सही आहे, त्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २००८ च्या पहिल्या आयपीएल लिलावात द्रविडवर बोली लागलीच नाही. तो बंगळुरूचा ‘आयकॉन’ खेळाडू होता आणि आयकॉनचं मानधन सूत्राने ठरायचं : संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त. बंगळुरूने जॅक कॅलिसला ९ लाख डॉलरना घेतलं, म्हणून द्रविडचे झाले १० लाख ३५ हजार. जानेवारी २०११ मध्ये लिलाव बंगळुरूतच भरला. या वेळी द्रविड बोलीवर होता, आणि राजस्थानने त्याला ५ लाख डॉलरना नेलं. मधल्या तीन वर्षांत त्याचं वय वाढलं होतं हे कबूल. पण त्याच लिलावात सौरव गांगुली आणि ख्रिस गेल यांच्यावर कुणी बोलीच लावली नाही. गेलला नंतर बंगळुरूनेच बदली खेळाडू म्हणून आणलं आणि त्याने पहिल्याच सामन्यात शतक ठोकलं. बोली लागली नाही म्हणजे माल टाकाऊ, असं नसतं. त्या दिवशी त्या खोलीत गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच.

आता आपल्याकडच्या बाजाराकडे येऊ. घरबसल्या लिलावात भाग घ्यायची सवय भारतात लागता लागता राहिली. ईबेने २००४ मध्ये ‘बाझी डॉट कॉम’ विकत घेऊन इथे दुकान थाटलं. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे आली, म्हणजे तुमच्या बंगळुरूतच, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिला टाळं लागलं. खुद्द अमेरिकेतही ईबेवर लिलाव मागे पडून ठरल्या किमतीची विक्री पुढे गेली आहे. लिरान आयनाव आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी ईबेच्या नोंदी चाळून याची कारणं शोधली. लोकांना लिलावाच्या खटाटोपापेक्षा झटपट, सोयीची खरेदी हवीशी झाली, हे त्यातलं मोठं कारण निघालं. लिलाव टिकून राहिला तो वापरलेल्या आणि एकुलत्या एक वस्तूंसाठी, ज्यांचा भाव विकणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतो.

आज आपल्याकडे कार्डांची उलाढाल होते ती मुख्यतः फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर. कुणीतरी फोटो टाकतो, खाली लिहितो : ‘बेस २००, वाढ ५०, रात्री ९ ला बंद, शिपिंग वेगळं.’ मागे कुठली संस्था नाही, अनामत नाही. जिंकणारा दुसऱ्या दिवशी फोनच उचलत नाही, असंही होतं. नाण्यांचं असं नाही. तुमच्याच शहरात मरुधर आर्ट्सचे नाण्यांचे रीतसर लिलाव होतात, आधी कॅटलॉग निघतो, अंदाजे किंमत छापलेली असते, आणि एका होनासाठी दोन-तीन जाणकार अडून बसतात. क्रिकेटच्या कार्डांना आपल्याकडे अजून तशी जाणकारांची गर्दी नाही. म्हणून माझा कल बहुतेक वेळा तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. ‘बहुतेक’ हा शब्द तुमच्या मुलासाठी राखून ठेवला आहे.

बिग फनची कार्डं सुटी विकू नका. एकेक विकायला काढलंत तर पाकीट आणि टपालखर्चच कार्डाहून महाग पडेल. सगळ्यांचा एक संच करा, एक किंमत लावा आणि ‘बोलणी होतील’ असं लिहा. त्याआधी ती उन्हात धरून नीट बघा. त्या काळी प्रत्येक पोराने गड्डीला रबरबँड लावलेला असायचा, त्याचा व्रण कार्डाच्या दोन्ही कडांवर अर्धचंद्रासारखा उमटतो. घडी पडलेली रेघ समोरून फोटो काढला तर लपते, तिरप्या प्रकाशात उघडी पडते. असे दोष तुम्हीच फोटोत दाखवा. घेणारा भुरटा नसेल तर त्याला ते आवडतं, आणि पार्सल परत येण्याची कटकट वाचते. मागे छापलेल्या धावा आणि विकेट वाचता येतील असा पाठचाही फोटो हवा. कारण हे घेणारा माणूस आपलं बालपण विकत घेत असतो, आणि तो या धावा मोजतो.

अटॅक्सच्या गड्डीतून कोहली, धोनी आणि चमकणारी कार्डं वेगळी काढा, त्यांना सुटी किंमत लावा, उरलेली एकगठ्ठा द्या. आयपीएल रंगात असताना, एप्रिल-मे मध्ये. इतकंच.

किंमत ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका, कशाला गेलं ते बघा. मागायला काय, कुणीही लाख रुपये मागतो. ईबेच्या आंतरराष्ट्रीय साइटवर विकून झालेल्या वस्तूंचे भाव वेगळे बघता येतात, ग्रुपवर ‘सोल्ड’ लिहिलेल्या जुन्या पोस्ट सापडतात. त्याच्यावर दहापंधरा टक्के चढवून लिहिलं की घासाघीस करायला जागा राहते.

राहिलं सहीचं कार्ड. इथे आधी दुसराच प्रश्न येतो, सही खरी कशावरून? अमेरिकेत पीएसए, बेकेट अशा संस्था सही तपासून देतात, पण कार्ड तिकडे पाठवण्याचा खर्च आणि त्यांची फी मिळून कार्डाच्या किमतीलाच गिळतील, अशी शक्यता मोठी. त्यापेक्षा भावाला बसवून सही कधी, कुठे, कशी घेतली ते तारखेनिशी लिहून घ्या, त्या वेळचा फोटो असेल तर सोन्याहून पिवळं. यातलं काहीच नसेल तर ते साध्या कार्डाच्या भावानेच जाईल, लिलाव करा की काहीही करा.

पुरावा असेल तर मी असं करेन. आधी जरा चढी किंमत लावून ‘ऑफर चालेल’ असं लिहायचं आणि दोनतीन महिने ठेवायचं. या काळात विकलं गेलं तर ठीकच. पण या मांडणीचा खरा उपयोग डोकी मोजायला होतो. किती वेगवेगळ्या माणसांनी गंभीरपणे भाव विचारला याची नोंद ठेवा. तीन-चार जण निघाले आणि त्यांचे आकडे एकमेकांच्या जवळपास असले, तर किंमत काढून टाका, त्या सगळ्यांना कळवा आणि लिलाव लावा. एकच जण निघाला तर त्याच्याशी गोडीगुलाबीने बोला, लिलावाचं नाव काढू नका. जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये गणिताने मांडलं होतं की घासाघिशीत तुम्ही कितीही तरबेज असा, लिलावात बोली लावणारा आणखी एक माणूस आणणं त्याहून फायद्याचं पडतं. त्यांच्या मांडणीत माणसं हजर होती, आपल्याला ती आधी शोधायची आहेत.

लिलाव लावलात तर पहिली बोली अशी ठेवा की त्या किमतीलाच कार्ड गेलं तरी रात्री झोप लागेल. ‘एक रुपयापासून सुरू’ हा मोह गर्दीच्या बाजारात ठीक आहे. आणि भाव चढवायला भावाला किंवा मुलाला खोटी बोली लावायला सांगू नका. ईबेवर ते नियमाबाहेर आहे, आणि ग्रुपवर पकडलं गेलात की पुन्हा कुणी तुमच्या पोस्टकडे फिरकणार नाही.

घाई असेल तर मात्र हिशेब बदलतो. लासलगावचा शेतकरी कांदा लिलावाला लावतो, कारण ट्रॅक्टर भरून आलेला माल त्याला आजच्या आज मोकळा करायचा असतो. तुमचं कार्ड सडत नाही, बंगळुरूच्या हवेत तर मुंबईइतकं वाकतही नाही. घर बदलायचं असेल, पैशांची नड असेल तर लिलाव करा, नाहीतर थांबायला तुमचं काही जात नाही.

जाता जाता एक : पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवलेत, पिन टाकून स्वीकारा’ असं म्हणणारं गिऱ्हाईक भेटलं तर फोन ठेवून द्या.

प्रश्न : मी कार्डं विकत घेणारा. ग्रुपवरच्या लिलावात शेवटच्या दहा सेकंदांत कुणीतरी टपकतो आणि माझ्या तोंडचा घास काढतो. ही लबाडी नाही का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : लबाडी नाही, घड्याळाचा नियमच तसा आहे. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली होती. ईबेवर ठरल्या क्षणाला लिलाव बंद व्हायचा, अॅमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ आपोआप पुढे सरकायची. शेवटच्या क्षणी झडप घालणारे ईबेवर कितीतरी जास्त सापडले. ग्रुपच्या अॅडमिनला सांगून बघा, शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर आणखी पाच मिनिटं द्यायची. विकणारे याला नाही म्हणायचे नाहीत, भाव त्यांचाच वाढतो. तुम्हाला कार्ड स्वस्तात मिळेल याची हमी मात्र मी देत नाही.