निवडून काढलेल्या शेंगांचे काय करावे?

खरीप भुईमुगाची काढणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ बहुतेक वर्षी पडतेच. शेंगा खळ्यावर असतात, आभाळ भरून येते आणि घरातील सारी माणसे ताडपत्री घेऊन धावतात. पुढे आठ-पंधरा दिवस पडवीत वाळवण, निवडणे आणि पाखडणे हीच कामे चालतात. हात कामात असतात व तोंडाने पावसापाण्याच्या, स्वयंपाकाच्या गोष्टी होतात. अशा वेळी दोन शेजारणींत होणारे पुढील बोलणे कोणत्याही गावी ऐकू येण्यासारखे आहे.

"काकू, ढग पुन्हा भरून आले बघा. कालच्या शेंगा अजून ओलसरच आहेत. तशाच पोत्यात भरून ठेवल्या."

"असू देत गं. ऊन पडलं की काढशील बाहेर."

"आणि हे काळे पडलेले दाणे? टाकायला जीव होत नाही."

"टाकायचे कशाला? चांगला माल बाजारात जाऊ दे, हे घरात कुटाला ठेव. भाजले की कुबट वास जातो. अगदीच वाईट असतील ते कोंबड्यांना घाल."

या बोलण्यात वाईट हेतू कोणाचाच नाही. पिकवलेला दाणा वाया जाऊ नये ही शेतकऱ्याच्या घरची शिकवणच आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरीही सुरकुतलेले व डागी दाणे रोजच्या कुटासाठी वेगळ्या डब्यात राहत असत. तथापि, वरील चार वाक्यांत चार चुका आहेत आणि त्यांचा परिणाम घरातील माणसांच्या यकृतावर होऊ शकतो. त्या चुका कोणत्या, त्या का होतात व त्या कशा टाळाव्यात, याचा विचार या पाठात केला आहे.

बुरशीचे विष म्हणजे काय?

सन 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी अल्पकाळात मरण पावले. प्रथम हा एखादा नवा साथीचा रोग असावा असे वाटले. शोध घेता त्या पक्ष्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती व त्या पेंडीत बुरशीने तयार केलेले विष होते, असे आढळून आले. त्या बुरशीचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. या नावातील अक्षरांवरूनच विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले.

ही बुरशी आपल्या जमिनीत सर्वत्र असते. साधारण 25 ते 35 अंश सेल्सिअस उष्णता आणि दाण्यातील ओल या दोन गोष्टी मिळाल्या की ती झपाट्याने वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील आपले हवामान तिला नेमके मानवते. दाण्यावर दिसणारी पिवळसर-हिरवी पूड ही बुरशी होय. विष मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही व चवही नाही.

हे विष माणसाला किती घातक ठरू शकते याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. सन 1974 च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील खेड्यांत काविळीची साथ उद्भवली. कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला होता. भिजलेला मका नीट न वाळवता साठविला गेला आणि गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच मका रोज खाल्ला. कावीळ होऊन पोटात पाणी साठलेल्या 397 रुग्णांची नोंद झाली, त्यांपैकी 106 दगावले. त्या घरांतील कुत्र्यांतही तसाच आजार दिसून आला. ज्यांना दुसरे धान्य घेणे शक्य नव्हते, तीच घरे या साथीत सापडली, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

एवढी मोठी मात्रा क्वचितच पोटात जाते. परंतु अल्प मात्रा वर्षानुवर्षे पोटात गेली तर यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, हे आता सिद्ध झाले आहे. ज्यांना ब प्रकारच्या काविळीचा जुनाट संसर्ग आहे त्यांना हा धोका अनेक पटींनी अधिक असतो.

पहिली चूक : ओलसर शेंगा पोत्यात भरणे

पोत्यात भरलेली ओलसर शेंग श्वसन करते, त्यातून ऊब व वाफ निर्माण होते, आणि बुरशीला हवी असलेली जागा आपण आपल्याच हाताने तयार करून देतो. दोन दिवस ऊन नसले तरी शेंगा पडवीत, माळ्यावर अथवा ओट्यावर पातळ पसरून ठेवाव्यात व दिवसातून तीन-चार वेळा हलवाव्यात. वारा खेळता राहिला तर उन्हाशिवायही पुष्कळ ओल निघून जाते. जागा अपुरी असेल तर खाटेवर अथवा बाजेवर गोणपाट घालून त्यावर पसरावे, म्हणजे खालूनही हवा लागते.

साठवणीच्या वेळी शेंगेतील ओलावा शेकडा 8 पेक्षा अधिक नसावा. घरी यंत्र नसले तरी ओलावा साधारणपणे ओळखता येतो. शेंग कानाजवळ हलविली असता दाणा खुळखुळला पाहिजे आणि दाणा बोटांत चोळला असता त्याचे साल सहज सुटले पाहिजे.

ज्वारी व मका यांच्यासाठी मिठाची परीक्षा सोपी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भागापर्यंत धान्य घ्यावे, त्यात चमचाभर अगदी कोरडे मीठ टाकावे, झाकण लावून मिनिटभर चांगले हलवावे व पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. मीठ बाटलीच्या काचेला चिकटले तर ओलावा शेकडा 15 पेक्षा अधिक आहे व धान्य साठविण्यास अयोग्य आहे असे समजावे. मीठ चिकटले नाही तरी आणखी एक-दोन उन्हे द्यावीत, कारण हे धान्य शेकडा 12 च्या आसपास वाळलेले असणे हितावह असते.

दुसरी चूक : डागी दाणे घरात ठेवणे

आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांनुसार भुईमूग व धान्य यांत या विषाची मर्यादा दर किलोस 15 मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. यावरून हे विष किती तीव्र आहे याची कल्पना यावी.

या विषाचा एक विशेष असा की ते ढिगात सारखे पसरलेले नसते. शेकडो दाणे निर्दोष असतात आणि एखाद्याच दाण्यात ते मोठ्या प्रमाणात असते. बहुधा असा दाणा सुरकुतलेला, काळपट, कीड लागलेला, फुटका किंवा बुरशी धरलेला असतो. म्हणूनच हाताने निवडणे हा सर्वांत स्वस्त व अत्यंत परिणामकारक उपाय आहे. परंतु त्याच कारणाने निवडून काढलेला ढीग हा साऱ्या शेंगांतील विष एकत्र केलेला ढीग असू शकतो. तो कुटाच्या डब्यात गेला तर निवडण्याचे सारे श्रम उलटेच फळ देतात. बाजारात जाणारा माल शुद्ध होतो आणि विषाचा वाटा आपल्या मुलांच्या ताटात येतो.

तिसरी चूक : भाजल्याने दोष जातो असे मानणे

भाजल्याने कुबट वास कमी होतो, बुरशीही मरते. परंतु तिने अगोदर तयार केलेले विष मोठ्या अंशाने तसेच राहते. तव्याच्या, चुलीच्या किंवा उकळत्या पाण्याच्या उष्णतेने ते पुरते नाहीसे होत नाही. धुऊन, पुसून किंवा उन्हात घालूनही बुरशी धरलेला दाणा खाण्यास योग्य होत नाही. वास गेल्यामुळे उलट आपली सावधगिरी तेवढी जाते.

असे दाणे घाण्यावर देण्याचीही प्रथा आहे. विषाचा बराच भाग पेंडीत उतरतो हे खरे, परंतु गाळासह काही भाग कच्च्या तेलात येतो. सबब घरच्या तेलासाठीही निवडलेलाच दाणा वापरावा.

चौथी चूक : कोंबड्यांना व जनावरांना घालणे

या विषाचा शोधच मुळी पक्ष्यांच्या मृत्यूतून लागला. कोंबडीची पिले व बदके त्याला फार लवकर बळी पडतात. मोठ्या कोंबड्या मेल्या नाहीत तरी त्यांची वाढ खुंटते आणि अंडी कमी होतात. दुभत्या गाईला किंवा म्हशीला बुरशीची पेंड घातली तर विषाचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो. म्हणून दुधासाठीही किलोस अर्धा मायक्रोग्रॅम अशी कडक मर्यादा आहे. तशी पेंड बंद केल्यावर दुधातील दोष थोड्याच दिवसांत कमी होतो. तेव्हा कुबट वासाची पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

मग त्यांचे करावे काय?

निवडून काढलेले दाणे व शेंगा गुरे, कोंबड्या व कुत्री यांच्या तोंडी लागणार नाहीत अशा रीतीने खड्ड्यात पुरून टाकाव्यात. निवडताना नाकातोंडावर फडके बांधावे, कारण बुरशीची पूड श्वासावाटे जाणे चांगले नाही. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

दाणे टाकताना जीव हळहळतो हे मान्य केले पाहिजे. समजा, एका पोत्यातून दोन किलो दाणे टाकावे लागले. त्यांची किंमत मोजता येते. कावीळ झालेल्या माणसाचे औषधपाणी व बुडालेली मजुरी यांचा हिशेब मात्र आधी करता येत नाही. शिवाय पुढे दिलेली काळजी घेतल्यास टाकाऊ ढीग वर्षागणिक लहान होत जातो. खरी बचत तेथे आहे.

टाकाऊ ढीग लहान कसा होईल?

1. शेंगा भरण्याच्या काळात पावसाने ताण दिला तर शक्य असल्यास एक-दोन संरक्षित पाणी द्यावे. ताणलेल्या पिकात व वाळवी किंवा हुमणीने पोखरलेल्या शेंगेत बुरशी शेतातच शिरते.

2. काढणी वेळेवर करावी. शेंगा फोडून पाहाव्यात. चारांपैकी तीन टरफलांची आतील बाजू काळसर-तपकिरी झाली असेल तर पीक तयार झाले असे समजावे.

3. उपटणी करण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पुढील पाच दिवसांचा अंदाज मेघदूत या मोबाइल ॲपवर मराठीत मिळतो. पीक थोडे मागेपुढे करता येत असेल तर कोरडे दिवस साधावेत.

4. उपटलेले वेल ढिगाने ठेवू नयेत. पाला खाली व शेंगा वर अशा रीतीने ओळीत मांडून ठेवावेत.

5. कुदळीने कापलेल्या व फुटलेल्या शेंगा पहिल्याच दिवशी वेगळ्या कराव्यात. त्या निर्दोष असतील तर लगेच खाण्यात आणाव्यात, साठवू नयेत.

6. वाळवण उघड्या जमिनीवर न करता ताडपत्रीवर करावे. सायंकाळी शेंगा गोळा करून झाकाव्यात, नाहीतर दिवसभर गेलेली ओल दवाने परत येते.

7. फोडणीच्या वेळी शेंगांवर पाणी शिंपडण्याची सवय सोडावी. दाणे कमी फुटतात म्हणून पाणी मारले जाते, परंतु वाळवणीची सारी मेहनत त्याने फुकट जाते.

8. साठवण टरफलासह करावी व लागतील तशा शेंगा फोडाव्यात. पोती लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून फूटभर दूर ठेवावीत. हवाबंद थैल्या उत्तम असतात, परंतु त्यांत पूर्ण वाळलेलाच माल भरावा.

भिजलेल्या ज्वारीविषयी दोन शब्द

कणीस पक्व होताना पाऊस लागलेली खरीप ज्वारी काळी पडते. तिच्यावरील बुरशी पुष्कळदा निराळ्या जातीची असते व तिचे विषही निराळे असते. सन 1995 मध्ये दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत अवकाळी पावसात भिजून बुरशी धरलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी व अतिसाराचा उपद्रव झाला. फ्युमोनिसिन नावाचे विष त्यास कारण असल्याचे तपासात आढळले. अशी ज्वारी चांगल्या ज्वारीत मिसळून दळू नये. मिसळल्याने विष नाहीसे होत नाही, फक्त नजरेआड होते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस सूचना

हा विषय भाषणाने पटत नाही. निवडणे चालू असेल त्या पडवीत जाऊन बसावे व चार मुठी शेंगा स्वतः निवडाव्यात. "हे कुठे ठेवता?" एवढे सहज विचारावे. दोष देऊ नये, कारण काटकसर हा दोष नव्हे. मिठाची परीक्षा समोर करून दाखवावी. वाळवणी व निवडणे ही कामे बहुधा घरातील स्त्रियाच करतात, म्हणून महिला बचत गटाची बैठक हीच या पाठाची खरी शाळा समजावी. बैठकीच्या शेवटी पुढील प्रश्न विचारावेत.

अ) भाजलेल्या दाण्याचा वास गेला म्हणजे विष गेले काय?
आ) निवडून काढलेला ढीग बाकीच्या मालापेक्षा अधिक धोक्याचा का?
इ) दोन दिवस ऊन पडले नाही तर ओल्या शेंगा कोठे व कशा ठेवाव्यात?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरी निराळे येईल. कोणाकडे माळा असेल, कोणाकडे फक्त एक खाट. ते उत्तर त्या घरातील माणसांनीच शोधावे व पाऊस येण्यापूर्वी ती जागा मोकळी करून ठेवावी.