मक्याचं इथेनॉल: आपल्या खिशात किती?

सेमाडोहच्या एका भाऊंनी विचारलं, "सर, इथेनॉलनं आपल्याले काय भेटते?" चला, हिशेब करू. क्विंटलभर मक्यातून अंदाजे ३८ लिटर इथेनॉल निघतं. २०२४-२५ चा तेल कंपन्यांचा दर लिटरला ७१.८६ रुपये, म्हणजे सुमारे २,७३० रुपये. उरलेला चोथा पशुखाद्यात जातो, ते पैसे वेगळे. पण यातच कारखान्याचा इंधन-मजुरीचा खर्च आहे. त्यामुळे २,४०० च्या हमीभावावर (२०२५-२६) तो फार चढणार नाही. आपल्या हातात काय? ओलावा! हमीभावाला १४ टक्क्यांपर्यंतच चालतो. २० टक्के ओला मका घाट उतरून परतवाड्याला नेला, तर क्विंटलमागे सात किलो पाण्याचं भाडं आपणच भरतो. माझ्या दुकानात ताडपत्री आहे म्हणून सांगत नाही हं! आधी वाळवा, मग चौघांत मिळून गाडी करा.