वाळू घेण्याआधी औषधाचं विचारा

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी वापरलेली वाळू घ्यायला माझी हरकत नाही. अ‍ॅरागोनाइटची वाळू बाहेरून येते आणि महाग पडते, त्यामुळे टाकी मोडणारा कुणी ती स्वस्तात देत असेल तर घ्यावीशी वाटणारच. मी ठाण्यातल्या एका गृहस्थांकडून गोणीभर घेतली. नितळ पाणी येईपर्यंत धुतली आणि टाकीत पसरली. क्लाऊनफिश छान रुळले. मात्र लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्या आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी एकामागून एक मेल्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पाण्याचा खारेपणाही बरोबर होता.

मासे ठणठणीत आणि कोळंब्या मरताहेत, असं दिसलं की पहिला संशय तांब्यावर घ्यावा. त्या गृहस्थांना फोन केला. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते, म्हणून त्यांनी टाकीतच तांब्याचं औषध घातलं होतं. ते औषध परजीवी मारतं, मासे त्याची बेताची मात्रा सोसतात. कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळ मात्र सोसत नाहीत. अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तांबं त्याच्या कणांना धरून बसतं आणि पुढे हळूहळू पाण्यात सुटत राहतं. धुऊन ते जात नाही. ती सगळी वाळू मी काढून टाकली.

म्हणून आधी विचारा: या टाकीत कधी औषध घातलं होतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर थोडी वाळू बादलीत ताज्या खाऱ्या पाण्यात, हवेचा पंप लावून आठवडाभर ठेवा आणि मग तांब्याची चाचणी करा. फॉस्फेटही तपासा, तेसुद्धा या वाळूला चिकटतं आणि नंतर शेवाळ वाढवतं.

बाकीची घाण धुऊन जाते, पण आळस नको. थराच्या तळाशी माशांची विष्ठा आणि कुजलेलं अन्न साचलेलं असतं. बंद गोणीत वाळूतले जीवाणू आणि बारीक किडे गुदमरून मरतात. ती तशीच ओतली तर अमोनिया एकदम चढतो, आणि समुद्री टाकीचा पीएच ८च्या वर असल्यानं तो जास्तच विषारी ठरतो. वाळूत काळे पट्टे दिसले, सडक्या अंड्यासारखा वास आला, तर हायड्रोजन सल्फाइड आहे. ती उघड्यावर धुवा. थोडी थोडी वाळू बादलीत घेऊन हातानं ढवळायची आणि गढूळ पाणी ओतून द्यायचं, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं उपयोगी जीवाणू मरतात, पण टाकीत मुरलेले दगड असतील तर काळजी नको. त्यांचा मोठा साठा तिथे असतो. शेवटचं धुणं आरओच्या पाण्यात करा.

त्यानंतर टाकी भरा, पॉवरहेड चालू ठेवा आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर स्थिर होईपर्यंत एकही जीव सोडू नका.

आणि टाकी मोडणारे तुम्ही असाल, तर वाळू देताना औषधाचं आपणहून सांगा.