वळवाचे वादळ आणि पत्र्याचे घर

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ऊन तापते आणि दुपारनंतर वळवाचे वादळ उठते. अशा वेळी वाऱ्यापेक्षा वाऱ्याने पाडलेल्या वस्तू जास्त जीव घेतात. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे पत्र्याच्या शेडवर झाड कोसळून ७ जण दगावले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. म्हणून बंधू-भगिनींनो, आजच एवढे करा:

१. पत्रे खालच्या लोखंडी नळ्यांना तारेने घट्ट बांधा. मगच वरचे दगड उतरवा. वादळात तेच दगड डोक्यात पडतात.

२. आभाळ भरून येताच लेकरे-म्हाताऱ्यांना जवळच्या पक्क्या घरात, शाळेत किंवा विहारात न्या. झाड, फलक, विजेच्या खांबाखाली थांबू नका.

३. तारेला चिकटलेल्या माणसाला वीजपुरवठा बंद होईपर्यंत हात लावू नका.

४. आभाळातील वीज पडलेल्या माणसाच्या अंगात मात्र वीज राहत नाही. तो दैवाचा कोपही नव्हे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाबत राहा आणि १०८ ला फोन करा. शिवाशिवीच्या भीतीने वेळ घालवू नका. ती मिनिटेच जीव वाचवतात.