उलटे गहाण : म्हातारपणाचा एक आधार

‘गहाण’ हा शब्द कानावर पडला की आपल्या मावळ भागातील माणूस दचकतो. त्याला कारणही तसेच आहे. सावकाराला कबजेगहाण किंवा मुदतखरेदी लिहून दिलेली जमीन पुष्कळदा परत आलीच नाही. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. अशा प्रदेशात म्हाताऱ्या माणसांनी राहते घर गहाण ठेवावे असे सांगणे धाडसाचे वाटेल. परंतु उलटे गहाण म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

नेहमीच्या गहाणात पैसे एकदम मिळतात आणि आपण हप्ते भरतो. येथे बँकच आपल्याला हप्ता देते. २००७-०८ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ही कल्पना मांडली गेली व राष्ट्रीय आवास बँकेने तिचे नियम केले. कर्जदाराचे वय किमान ६० वर्षे असावे. घर स्वकष्टार्जित, राहते आणि निर्वेध असावे. हप्ते जास्तीत जास्त २० वर्षे मिळतात. ते थांबल्यावरही पती-पत्नींना हयातभर तेथेच राहता येते. मात्र घरपट्टी, विमा व डागडुजी त्यांच्याकडेच असते. या रकमेवर आयकर नाही.

एक हिशेब करून पाहू. समजा, घराची किंमत २० लाख रुपये आहे, बँकेने व्याजासह १२ लाखांची मर्यादा ठरवली, व्याज दसादशे १० आणि मुदत १५ वर्षे. तर दरमहा सुमारे २,८९५ रुपये मिळतील. पंधरा वर्षांत हाती येतील सुमारे ५ लाख २१ हजार. उरलेले जवळजवळ ६ लाख ७९ हजार हे व्याज होय. म्हणजे ही काही खैरात नव्हे.

दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडल्यास घर त्यांचेच राहते. न फेडल्यास बँक घर विकते व उरलेली रक्कम वारसांना देते. विक्रीतून कर्ज पुरे फिटले नाही, तरी वारसांच्या इतर मालमत्तेवर बोजा येत नाही. सुप्याच्या सावकारीत आणि यात हाच मोठा फरक आहे.

आता भोर-वेल्ह्याकडे वळू. भोर शहरात स्वतःच्या कमाईतून खरेदीखताने घेतलेले घर या नियमांत बसू शकेल. पण वाड्यावस्त्यांवरील बहुतेक घरे वडिलोपार्जित, भावकीत सामाईक आणि गावठाणातील. तेथे मुळात कागदच अपुरे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, ही पहिली पायरी होय. परंतु सामाईक हक्काचा प्रश्न पत्रिकेने सुटत नाही.

मुले पुण्या-मुंबईस, आईवडील गावी. अशा वेळी अनेकजण घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून मोकळे होतात. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागून परत मिळू शकते; पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली बरी.

तात्पर्य, उलटे गहाण हा सर्वांसाठी उपाय नाही. मात्र घर हे केवळ वारसांची ठेव नसून ते बांधणाऱ्यांच्या उतारवयाचाही आधार आहे, हा विचार त्यामागे आहे. आपल्या घरांतील वडीलधारी माणसे तो स्वतःहून बोलून दाखवणार नाहीत. शिकलेल्या मुलामुलींनीच कागद वाचून त्यांना समजावून सांगावा.