मुक्त झाल्यावर पुढे काय?

वाचन : अनुवाद 15:12-15



मलिक अंबर आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे : निजामशाहीचा कर्ता पुरुष, गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा. या अंकाच्या पाठासाठी मी त्याच्याकडे वेगळ्या बाजूने पाहते आहे. विकला गेलेला एक मुलगा, आणि पुढे घरसंसार उभा केलेला एक शिपाई.

इथियोपियात 1548 च्या सुमारास तो जन्मला. घरचे नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या बाजारात आला. पीटर फान देन ब्रुके हा डच व्यापारी त्याला 1617 मध्ये भेटला होता. मोखा बंदरात त्याची किंमत 20 डुकॅट झाली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे दख्खनची सूत्रे हाती आल्यावरही त्या माणसाचा जुना भाव लोकांच्या तोंडी होता. अंबर हे नाव बगदादच्या मालकाने दिले. त्याच मालकाने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब शिकवले. पुढे अहमदनगरचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी, एके काळचा गुलाम! हे वाक्य मी अभ्यासगटात दोनदा वाचून दाखवते. स्वतः सुटलेला माणूस दुसऱ्याला सोडवतोच असे नाही.

चंगीझखान 1575 च्या सुमारास वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. आता आपले वाचन उघडा. सातव्या वर्षी दासाला सोडाल तेव्हा त्याला कळपातले, खळ्यातले, द्राक्षकुंडातले सढळ हाताने द्या, असे शास्त्र सांगते. का, तर मिसरात तुम्हीही दास होता. नुसते दार उघडून देणे देवाला पुरेसे वाटत नाही. अंबरला खळे मिळाले नाही, पण अक्षर, हिशेब, घोडा आणि तलवार ही चार साधने त्याच्याजवळ होती. तरीही पाय रोवायला त्याला वीस वर्षे लागली. विजापूरच्या चाकरीत ‘मलिक’ हा किताब मिळाला आणि 1595 च्या सुमारास दीडशे स्वार घेऊन तो अहमदनगरला परतला.

बायको बीबी करीमा. मुलांपैकी एक फतेहखान. दुसऱ्याचे नाव मात्र चंगीझखान, म्हणजे ज्याने विकत घेतले त्याचेच नाव पोटच्या मुलाला. ती कृतज्ञता म्हणावी की आणखी काही, यावर गटात बोलून पाहा. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर अंबरने राजघराण्यातला मुर्तजा गादीवर बसवला आणि त्याला आपली मुलगी दिली. बाजारात विकल्या गेलेल्या मुलाची लेक निजामशाहाच्या घरात गेली.

आपल्या चिंचवडहून चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला डावीकडे वळले की जुन्नर लागते. काही वर्षे त्याचा कारभार तिथून चालला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे नहर बांधून पाणी खेळवले. मला मात्र त्याचे सर्वांत मोठे काम वेगळे वाटते. सारावसुलीचे मक्ते बंद करून त्याने जमिनी मोजायला लावल्या, मगदूर पाहून सारा ठरवला. 1626 मध्ये तो वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे, जवळच बीबी करीमाची. फतेहखानाने 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती दिले आणि घराण्याचे राजकारण संपले.

पण ना घोडा, ना अक्षर, असे सुटलेल्या हबश्यांचे काय झाले? उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूरच्या जंगलात सिद्दी राहतात. त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीज मालकांकडून पळालेले. त्यांच्या कोकणीत मराठी शब्द मिसळलेले आहेत आणि त्यांच्यात ख्रिस्ती कुटुंबेही बरीच आहेत. पिढ्यान्‌पिढ्या रान कसले, पण जमिनीचा कागद नाही. अनुसूचित जमातीच्या यादीत त्यांचे नाव 2003 मध्ये आले.

खेड, मावळात आम्ही काम करतो त्या कातकरी वाड्यांची गोष्ट याच्या अगदी जवळची आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर ती फेडायला सहकुटुंब वीटभट्टीवर जायचे. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली, त्या कर्जाचा बोजाही रद्द केला. मुक्तीचा दाखला हातात पडला की आपण फोटो काढतो, आभाराची प्रार्थना करतो. ती करावीच. पण जातीचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, घराखालची जागा दुसऱ्याची, मुलगा चौथीतच शाळेबाहेर, अशी कुटुंबे पुढच्या हंगामात पुन्हा भट्टीवर दिसतात. त्यांना दोष देणारी मंडळी मला भेटतात. मी त्यांना अनुवादाचा पंधरावा अध्याय काढायला सांगते.

म्हणून आपल्या मंडळीच्या अभ्यासगटाने वाचनानंतर एक यादी करावी : ओळखीच्या वाडीत कोणाकडे कोणता कागद नाही, आणि तहसील कचेरीत सोबत जायला आपल्यातले कोण मोकळे आहे. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, तेव्हा हे काम आषाढाच्या आत व्हायला हवे.